वरसईची वाट, गागोद्याची वाट

(पनवेल येथील वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

पनवेलकरांना पळस्पे फाटा ठाऊक आहे तो वाहनांच्या रांगांसाठी. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी तिथे तासन्‌तास अडकतो, घामाघूम होतो आणि एकदाचे पेण मागे पडले की सुटकेचा निःश्वास टाकतो. पण नकाशावर बोट ठेवून पाहिले तर हा फाटा फार मोठ्या वाटेचा आरंभ आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ इथून निघतो आणि सोळाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून कन्याकुमारीला थांबतो. वाटेत पाच राज्ये लागतात. कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, चिपळूणला वाशिष्ठी, मग मांडवी, झुआरी, कारवारची काळी, होन्नावरची शरावती, मंगळूरची नेत्रावती, केरळातली भारतपुळा आणि पेरियार. एवढ्या नद्या ओलांडताना बोली आगरीतून मालवणीत, मालवणीतून गोव्याच्या कोकणीत, मग कन्नड, तुळू, मलयाळम आणि शेवटी तमिळमध्ये उतरते. ताटातला भात बदलतो. दक्षिण कोकणात उकडा तांदूळ दिसू लागतो आणि पुढे तोच जाडाभरडा होत केरळापर्यंत सोबत करतो. छपरावरचे कौल मात्र फारसे बदलत नाही. बासेल मिशनने १८६५मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्या लाल कौलांनी पुढच्या काही दशकांत ही सगळी किनारपट्टी झाकली. पेणच्या जुन्या घरावर आणि कोळिकोडच्या जुन्या घरावर एकाच घराण्यातले कौल असते, हे पळस्प्याच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला कुणी सांगत नाही.

या देशात हिंडावे कसे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. कुठे जावे हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत आणि सहलींचे आयोजकही पुष्कळ. देश कुणाला दिसला आणि कुणाला दिसला नाही, याचा शोध मात्र पनवेलच्या शेजारच्या तालुक्यातूनच सुरू करता येतो. पेण तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे आणि गागोदे नावाचे गाव आहे. एका गावातून १८५७ साली एक कर्जबाजारी भिक्षुक उत्तरेकडे चालत गेला. दुसऱ्या गावात १८९५ साली जन्मलेला माणूस पुढे वर्षानुवर्षे सगळा देश पायांखाली घालत राहिला. पहिला विष्णुभट गोडसे, दुसरा विनोबा भावे. या दोघांच्या मधे आणखी एक नाव येते, ते पंडिता रमाबाईंचे. तिघेही प्रेक्षणीय स्थळे पाहायला निघाले नव्हते. तिघांपैकी कुणाच्याही गाठीला पैसा नव्हता, आणि रोजच्या अन्नासाठी व रात्रीच्या आसऱ्यासाठी तिघेही अनोळखी माणसांवर अवलंबून होते. त्यांना देश दिसला तो या अवलंबून असण्यामुळे, असे या व्याख्यानाचे म्हणणे आहे.

विष्णुभटांची कथा बऱ्याच जणांनी शाळेत ऐकलेली असते, पण झाशीच्या राणीपुरती. तिची सुरुवात झाशीला होत नाही, वरसईच्या घरात होते. घरावर कर्ज होते. कोकणातल्या भिक्षुकीत ते फिटण्याची आशा नव्हती. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, लाखो रुपये खर्च होणार आहेत आणि विद्वान ब्राह्मणांना मोठी दक्षिणा मिळणार आहे. विष्णुभट तेव्हा तिशीच्या घरात होते. वडीलधाऱ्यांना हा बेत पसंत नव्हता. हिंदुस्थान दूर, वाटेत चोराचिलटांचे भय, तिकडे भांगेची चाल, तिकडच्या बायका मायावी, अशी धास्ती घरात होती. ही धास्ती आज हसण्यावारी नेण्यासारखी वाटेल, पण तिच्यात एक खरी माहिती दडलेली आहे. १८५७ साली कोकणातल्या घराला नर्मदेपलीकडचा मुलूख किती परका होता, ते तिच्यावरून कळते. शेवटी रामभटकाकांची सोबत ठरली आणि मार्च १८५७मध्ये काका-पुतणे निघाले.

या तारखेकडे लक्ष द्यावे. मे महिन्यात मेरठला ठिणगी पडली. दोन भिक्षुक चालत चालत माळव्यात पोचतात तोच इतिहास त्यांना गाठतो. महूच्या आसपास त्यांना शिपाई भेटतात आणि काडतुसांची हकिकत सांगून पुढे काय होणार आहे याची कुणकुण देतात. माघारी वळावे की पुढे जावे हा प्रश्न तिथेच पडला असणार. पण घरचे कर्ज मागे उभे होते. ते पुढेच गेले. उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त, काल्पी, चित्रकूट, लखनौ, अयोध्या, काशी असा सगळा वणवा लागलेला मुलूख त्यांनी पायी ओलांडला, आणि घरी परतायला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

झाशीला विष्णुभट राणीच्या आश्रयाला राहिले. राणी सकाळी काय करते, घोडा कसा फेकते, दरबारात कोणत्या वेषात येते, दानधर्म कसा करते हे त्यांनी टिपले आहे ते भिक्षुकाच्या नजरेने. दक्षिणा कोण देतो, किती देतो आणि कशा मनाने देतो हे पाहण्याची त्या नजरेला सवय होती. सेनापती किल्ल्याचे बुरूज मोजतो, भिक्षुक घराची चूल आणि यजमानाची वृत्ती पाहतो. मार्च १८५८च्या अखेरीस इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा दिला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्यानंतरची कत्तल आणि लूट विष्णुभटांनी शहरात लपून पाहिली. जळणारी घरे, गल्लीबोळांतली प्रेते, नासवलेला ग्रंथसंग्रह हे सगळे त्यांच्या लेखनात येते. वर्षभर जोडलेली दक्षिणाही लुटीत गेली. १८५७च्या लढाईवर इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेली पुस्तके ढिगाने सापडतात. वेढ्याच्या आतल्या बाजूने, सामान्य माणसाच्या अंगणातून लिहिलेली एवढी तपशीलवार हकिकत दुर्मीळ आहे, आणि ती मराठीत आहे.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी पुन्हा भेटली. पराभूत होऊन, घोडदौडीने थकून, धुळीने माखून ती आली होती आणि तहानेली होती. विष्णुभट पाणी काढायला पुढे झाले तेव्हा तिने त्यांना थांबवले, स्वतः पाणी काढले आणि ओंजळीने प्याली. हा प्रसंग मराठी वाचकाच्या मनात घर करून आहे तो राणीमुळे. प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर त्यातली विहीरही महत्त्वाची आहे. वाटेवरच्या विहिरीपाशी थांबणे त्या काळच्या प्रत्येक वाटसरूला भाग होते. राणी आणि भिक्षुक तिथे समोरासमोर आले ते दोघांनाही पाण्याची गरज होती म्हणून.

त्याच शतकातला एक दुसरा मराठी प्रवास याच्या शेजारी ठेवून पाहावा. तंजावरचे सरफोजीराजे १८२०च्या सुमारास काशीयात्रेला निघाले, ते हजारो माणसांचा लवाजमा घेऊन. राजा विद्याव्यासंगी होता, त्याने उभारलेला ग्रंथसंग्रह आजही सरस्वती महाल ग्रंथालयात पाहायला मिळतो, आणि त्याच्या यात्रेवर मराठी रचनाही झाली. तरीही एवढ्या लवाजम्यासह फिरणारा माणूस स्वतःचे तंजावर सोबत घेऊन फिरतो. त्याचा आचारी सोबत, वैद्य सोबत, पुजारी सोबत, पहारा सोबत. वाटेवरच्या गावाची त्याला गरज पडत नाही आणि गावाला त्याच्याशी मनातले बोलायची सोय राहत नाही. आजच्या मराठी सहलीत आचारी बरोबर असतो, केदारनाथच्या वाटेवर पुरणपोळी मिळते आणि मदुराईत साबुदाण्याची खिचडी. वयस्क माणसांना त्यामुळे देश पाहता येतो, ही मोठीच सोय झाली आहे. पण ज्याला धडधाकट पाय आहेत त्याने मदुराईत जाऊन मदुराईचेच जेवावे. ताटात काय आहे हे विचारण्यासाठी वाढणाऱ्याशी चार शब्द बोलावे लागतात, आणि गावाची ओळख त्या चार शब्दांपासून होऊ लागते.

विष्णुभट वरसईला परतले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन. आईवडिलांना त्यांनी गंगोदकाने स्नान घातले. धन फारसे हाती लागले नव्हते. हा सगळा अनुभव त्यांच्याबरोबरच संपून गेला असता. कल्याणच्या वैद्यांकडे विष्णुभट उपाध्येपण करीत. त्या घरातले चिंतामण विनायक वैद्य, पुढे भारताचार्य म्हणून ओळखले गेलेले, त्यांनी आपल्या उपाध्यायांना हे सारे लिहून काढायला सांगितले. १८८३च्या सुमारास विष्णुभटांनी मोडीत लिहिले. म्हणजे घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीवर विसंबून. वैद्यांनी ते हस्तलिखित बराच काळ बाजूला ठेवले, कारण बंडाची हकिकत छापणे इंग्रजी अमलात जोखमीचे होते. १९०७मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झाले तेव्हा विष्णुभट हयात नव्हते. वैद्यांनी मजकुराची भाषा घासूनपुसून, काही भाग गाळून छापला होता. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुखरूप राहिले आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये ते मूळ रूपात प्रसिद्ध केले. अमृतलाल नागरांनी या पुस्तकाचे हिंदी रूप केले आणि अलीकडच्या काळात त्याची एकाहून अधिक इंग्रजी भाषांतरे झाली. वरसईच्या भिक्षुकाचे पुस्तक जगभर वाचले जाते.

झाशी पडली त्याच एप्रिल महिन्यात, १८५८च्या २३ तारखेला, सह्याद्रीच्या कर्नाटकातल्या गंगामूळ नावाच्या अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी रमाबाईंचा जन्म झाला. अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून समाजाशी वाद ओढवून घेतला होता. पुढे कर्जापायी घर सुटले आणि हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थांतून हिंडत राहिले. देवळाच्या ओवरीत किंवा घाटावर बसून पुराण सांगायचे, ऐकणारे जे देतील त्यावर गुजराण करायची. रमाबाईंचे शिक्षण चालता चालता झाले. पंधराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४मध्ये आईवडील काही आठवड्यांच्या अंतराने गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास एवढे दोघे उरले. ही भावंडे उत्तरेकडे चालू लागली. काश्मीरपर्यंत गेली, मग पूर्वेला वळून १८७८मध्ये कलकत्त्याला पोचली. सुमारे चार हजार मैल त्यांनी पायी तुडवले. अंगावर पुरते पांघरूण नव्हते. पंजाबात झेलमच्या काठी थंडी अनावर झाली तेव्हा दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात पडून डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात हे लिहून ठेवले आहे. ते वाचताना गळा दाटून येतो. या देशाची थंडी, भूक आणि बाईच्या वाट्याला येणारे जिणे रमाबाईंनी कुठल्या अहवालात वाचले नव्हते.

कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्यांची विद्वत्ता देशभर गाजली. पुढचे आयुष्य सर्वांना माहीत आहे. त्या अमेरिकेला गेल्या, तिथले प्रवासवर्णन त्यांनी मराठीत लिहिले आणि ते १८८९मध्ये प्रसिद्ध झाले. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्याचे नाव. नावात लोकस्थिती आधी आहे आणि प्रवासवृत्त नंतर. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली-बायका उपाशी मरत आहेत हे कळल्यावर रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो जणींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. तरुणपणी दुष्काळातून चालत गेलेल्या बाईला दुष्काळाची वाट ओळखीची होती. त्यांच्या धर्मांतराबद्दल त्या काळी महाराष्ट्राने पुष्कळ वाद घातला. त्यांच्या चालण्याबद्दल मात्र महाराष्ट्राने फारच कमी लिहिले आहे, आणि ही उणीव भरून काढायला हवी.

आता गागोदे. ११ सप्टेंबर १८९५ला तिथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. लहानपणीच ते वडिलांकडे बडोद्याला गेले. १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. तिथून गांधींच्या आश्रमात. पुढची पस्तीस वर्षे आश्रम, सूत, अध्ययन आणि तुरुंग यांत गेली. ज्या पदयात्रेमुळे त्यांचे नाव जगभर पोचले ती सुरू झाली तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते आणि पोटाच्या व्रणाने त्रस्त होते.

त्या पदयात्रेची एक पूर्वतयारी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. १९४२च्या आंदोलनात विनोबांना अटक झाली आणि काही काळ वेल्लोरच्या तुरुंगात ठेवले गेले. तिथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या चारही भाषांचा एकाच वेळी अभ्यास आरंभला. तुरुंगात दक्षिणेतले कैदी होते, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलता यावे एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले. तेव्हा भूदान कुणाच्या स्वप्नातही नव्हते. नऊ वर्षांनी तेलंगणाच्या खेड्यात उभे राहताना मात्र त्यातली तेलुगू उपयोगी आली.

मार्च १९५१मध्ये ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी चालत निघाले. संमेलन झाल्यावर ते तेलंगणात शिरले. तिथे कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा आणि सरकारची दडपशाही यांत खेडी भरडली जात होती. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलितांच्या चाळीस कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांकडे द्यायला काहीच नव्हते. त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाची कल्पना अशी वाटेवर सापडली. विनोबा पोचमपल्लीला मोटारीने जाऊन, सभा घेऊन संध्याकाळी परत आले असते तर ती मागणी त्यांच्यापर्यंत पोचली असती का, याचा विचार करावा.

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. पहाटे तीनच्या सुमारास कंदिलाच्या उजेडात चालायला सुरुवात, रोज दहा-बारा मैल, रोज नवे गाव. दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार. बिहारमध्ये चांडिलला मलेरियाने ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात १९५३मध्ये दलितांबरोबर जाताना त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे ओडिशा, आंध्र, तामिळनाडू, केरळ, कर्नाटक. पुरीला १९५५मध्ये त्यांच्यासोबतच्या एका फ्रेंच बाईंना जगन्नाथाच्या देवळात प्रवेश नाकारला गेला तेव्हा विनोबा दारातूनच परतले. मैलोन्‌मैल चालत आलेल्या भाविकाने दर्शनावाचून परत फिरणे ही लहान गोष्ट नव्हती. पण सोबत चालणाऱ्याला दाराबाहेर ठेवून मिळणारे दर्शन त्यांना नको होते. तीन वर्षांनी, मे १९५८मध्ये, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात मात्र सर्व धर्मांच्या सहकाऱ्यांना घेऊन ते आत गेले. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असा तो दिवस आहे.

१९५९मध्ये पीर पंजाल ओलांडून ते काश्मीर खोऱ्यात उतरले. मे १९६०मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. मग आसाम. तिथून सप्टेंबर १९६२मध्ये पूर्व पाकिस्तानातून पायी प्रवास. फाळणीनंतर पंधरा वर्षांनी हिंदुस्थानातला एक म्हातारा तिथल्या खेड्यांतून चालत गेला आणि तिथेही त्याला जमीन दान मिळाली.

भूदानाचा हिशेब मांडायचा तर तो कडू आहे. दान मिळालेल्या जमिनीतली बरीचशी खडकाळ निघाली, बरीच कज्ज्यात अडकली, पुष्कळशी कधी वाटलीच गेली नाही. विनोबांवर प्रेम करणाऱ्यांनीही हे मान्य केले पाहिजे. पण प्रवासी म्हणून त्यांच्या तोडीचा माणूस विसाव्या शतकात या देशात झाला नाही. ज्या प्रांतात जायचे त्या प्रांताचे पुस्तक आधी शिकायचे, हा त्यांचा नेम होता. ओडिशात जगन्नाथदासांचे भागवत, पंजाबात नानकांचे जपुजी, आसामात माधवदेवांचा नामघोष, आणि कुराणाचे वर्षानुवर्षांचे अध्ययन. नामघोषाचे सार त्यांनी काढले, जपुजीवर विवरण केले, कुराणातल्या निवडक वचनांचा ग्रंथ सिद्ध केला. आसामातल्या खेडुताला त्याच्याच नामघोषातले पद ऐकवणारा माणूस पाहुणा राहत नाही. त्याला घरात ओढले जाते.

हे मराठी मातीत नवे नव्हते. सातशे वर्षांपूर्वी नामदेव पंजाबात गेले, गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले, आणि त्यांची एकसष्ट पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. २०१५मध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले तेव्हा मराठी माणसांची रेल्वेगाडी भरून गेली. तिथल्या शीख कुटुंबांनी त्यांचे जे आगतस्वागत केले ते नामदेवांच्या पुण्याईवर. नामदेव पंजाबात तिथल्या लोकांच्या भाषेत बोलले, हे त्याचे मूळ.

श्रोतेहो, आता पनवेलकडे परत यायला हवे, कारण या गावाला देश पाहायला लांब जावे लागत नाही. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेशातले ट्रकचालक रोज येऊन उभे राहतात. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत बिहार, झारखंड, ओडिशाचे कामगार आहेत. पनवेल स्टेशनवर केरळकडे जाणारी गाडी थांबली की फलाटावर मलयाळम ऐकू येते. खारघर-कामोठ्याच्या इमारतींत मजल्यागणिक प्रांत बदलतो. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे तर आता जग दाराशी येऊन ठेपले आहे. एवढे सगळे असून पनवेलच्या जुन्या वस्तीतल्या किती जणांनी कळंबोलीच्या एखाद्या चालकाशेजारी बसून त्याची वाट ऐकली आहे? पठाणकोटहून कळंबोलीपर्यंत येताना कुठले धाबे, कुठले घाट, कुठली नाकी, कुठल्या महिन्यात कुठल्या रस्त्यावर धुके, हे सगळे त्या माणसाच्या डोक्यात आहे आणि ते कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात नाही.

याच जिल्ह्यातले कातकरी पावसाळा सरला की बायकापोरांसह वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. काही थेट कर्नाटकापर्यंत पोचतात. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. कर्जापायी वाट धरलेल्या विष्णुभटांचे ते खरे वारसदार आहेत, आणि त्यांची वाट विष्णुभटांच्या वाटेहून खडतर आहे, कारण दक्षिणा आणि सन्मान त्यांच्या वाटेवर नाही. कोळसाभट्टीवरून परतलेल्या कातकरी बाईने पाहिलेला कर्नाटक अजून मराठीत लिहिला गेलेला नाही. तो लिहिला गेला तर मराठी प्रवासवाङ्मयाचे पान उलटेल.

‘माझा प्रवास’ आज हाती आहे ते विष्णुभट चालले म्हणून, आणि कल्याणच्या एका शिकलेल्या माणसाने आपल्या उपाध्यायाला ‘लिहा’ म्हटले म्हणून. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे. पनवेलमध्ये निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत, लष्करातून परतलेले जवान आहेत, देशभर माल पोचवणारे चालक आहेत, लग्न होऊन दूरच्या प्रांतातून इथे आलेल्या बायका आहेत. त्यांच्यातल्या कितीकांना आजवर कुणी विचारलेलेच नाही.

म्हणून या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना आणि पनवेलच्या वाचनालयांना एक विनंती आहे. दरवर्षी अशा काही माणसांकडे जावे, त्यांच्या वाटा लिहून घ्याव्यात किंवा ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्या सार्वजनिक ठिकाणी जपून ठेवाव्यात. शाळेतल्या मुलांकडून हे काम करून घेतले तर फारच उत्तम. ज्याला लिहिता येत नाही त्याचे दुसऱ्याने लिहून घ्यावे. भाषा मात्र घासूनपुसून घेऊ नये. वैद्यांची आवृत्ती आणि पोतदारांची आवृत्ती शेजारी ठेवून वाचली की ती का घासू नये ते कळते.

तरुणांना एवढेच सांगणे आहे, की पळस्प्याहून दक्षिणेकडे एकदा तरी एसटीने आणि पुढे त्या त्या राज्याच्या बसने जाऊन पाहा. निघण्यापूर्वी कन्नड किंवा मलयाळम लिपी शिकून घ्या. मन लावले तर बसवरची पाटी वाचण्यापुरती ती थोड्या दिवसांत येते. राहायची प्रत्येक जागा आधीपासून ठरवून ठेवू नका. वही बरोबर असू द्या.

आणि त्याआधी वरसईला जाऊन या. पेणला उतरले की वरसई आणि गागोदे ही दोन्ही गावे एका दिवसात पाहून होतात. बाळगंगेवर वरसईच्या परिसरात नवी मुंबईच्या पाण्यासाठी धरणाचा प्रकल्प हाती घेतलेला आहे आणि तिथल्या गावांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. नवी मुंबईची तहान भागवायला जे पाणी यायचे आहे ते विष्णुभटांच्या मुलखातले आहे. तिथे अजून राहणाऱ्या माणसांना भेटा, त्यांचे म्हणणे ऐका आणि इथे येऊन सांगा.